पन्नास रुपयांच्या पेन्शनपासून कलम ४१ पर्यंत

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनातील सामाजिक सुरक्षेचा धागा

गोंडपिपरी, प्रतिनिधी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव उच्चारताच महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना आणि नागपूरची दीक्षाभूमी हे टप्पे आपोआप डोळ्यांपुढे उभे राहतात. या टप्प्यांच्या अधेमधे एक धागा मात्र क्वचितच उलगडून दाखविला जातो. म्हातारपण, आजारपण, बाळंतपण, बेकारी आणि अपंगत्व या प्रसंगांत माणसाने दुसऱ्याच्या दयेवर जगायचे की कायद्याने मिळालेल्या हक्कावर, हा प्रश्न बाबासाहेबांच्या घरी त्यांच्या जन्माबरोबरच आला होता आणि अखेरपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. निवृत्तिवेतन आणि सामाजिक सहाय्य यांवरील सरकारी खर्च वर्षागणिक वाढत असताना आणि तो झेपेल काय, असा वाद विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत रंगत असताना हा धागा पुन्हा हाती घेणे उपयुक्त ठरेल.

वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या मधल्या प्रदेशात वसलेल्या गोंडपिपरी तालुक्यात हा वाद पुस्तकी नाही. भाताची रोवणी, दुसऱ्याच्या शेतातील मजुरी, उन्हाळ्यात तेंदूपाने आणि मोहफुले यांवर ज्यांचे आयुष्य सरले, त्यांना निवृत्तीचे वय नसते आणि निवृत्तिवेतनही नसते. हातपाय थकल्यावर त्यांच्या वाट्याला येते ती श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेची रक्कम. याच चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूर आणि घुग्घुसच्या कोळसा खाणींतून निवृत्त झालेल्या कामगाराला मात्र भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन मिळते. एकाच जिल्ह्यातील दोन म्हाताऱ्यांमध्ये पडलेले हे अंतर कोठून आले, याचा शोध घेऊ लागले की वाट बाबासाहेबांच्या चरित्रापाशी जाऊन पोहोचते.

लष्करी पेन्शनचे घर

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी मालोजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून काम करीत. आजोबा मालोजी हेही शिपाईगिरी केलेले. आईच्या माहेरीही लष्करी नोकरीची परंपरा होती. अस्पृश्य समजल्या गेलेल्या समाजाला त्या काळी गावगाड्यात स्थिर उत्पन्नाचा मार्ग जवळजवळ नव्हता. लष्कराची नोकरी हा त्याला अपवाद होता. तेथे पगार होता, मुलांना शिक्षण होते आणि नोकरी संपल्यावर पेन्शन होती.

रामजी १८९४ च्या सुमारास निवृत्त झाले. त्यांना दरमहा पन्नास रुपये पेन्शन मिळू लागली. कुटुंब कोकणात दापोलीला येऊन राहिले. निवृत्त लष्करी माणसांची तेथे वस्तीच होती. पुढे रामजींनी साताऱ्यास नोकरी पत्करली आणि बिऱ्हाड तिकडे हलले. १८९६ च्या सुमारास आई भीमाबाईंचे निधन झाले. आत्या मीराबाई यांनी मुलांना सांभाळले. अशा विस्कटलेल्या घराला दर महिन्याला ठरावीक तारखेला येणाऱ्या रकमेचा काय आधार असतो, हे भीमरावांनी बालपणीच पाहिले.

मात्र हा आधार ज्या दारातून आला होता, ते दार त्याच सुमारास बंद झाले. १८९० च्या दशकाच्या प्रारंभी इंग्रज सरकारने महार समाजाची लष्करभरती थांबविली. एका पिढीला जे मिळाले होते, ते सरकारच्या एका निर्णयाने पुढच्या पिढीला नाकारले गेले. जी सोय केवळ राज्यकर्त्यांच्या मर्जीवर टिकून असते, ती मर्जी फिरताच नाहीशी होते, हा धडा बाबासाहेबांच्या घराने असा प्रत्यक्ष गिरवला. पुढे १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असताना महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या उभारणीसाठी त्यांनी धरलेल्या आग्रहामागे ही जुनी सल होती.

दुष्काळी तलावाचा रोखपाल

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रावर दुष्काळाचे मोठे सावट होते. उपासमारीने माणसे मरू नयेत म्हणून सरकार तलाव खोदणे, रस्ते बांधणे अशी दुष्काळी कामे काढीत असे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या दुष्काळ संहितांनी या कामांना नियमांची चौकट दिली होती. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात अशाच एका तलावाच्या कामावर रामजी रोखपाल म्हणून रुजू झाले. दुष्काळग्रस्त मजुरांच्या मजुरीचा हिशेब त्यांच्या हातून होत होता.

वडिलांना भेटण्यासाठी १९०१ साली भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचा साताऱ्याहून रेल्वेने मसूर स्थानकावर उतरले. वडिलांना निरोप वेळेवर न पोहोचल्याने घ्यायला कोणी आले नव्हते. मुलांची जात कळताच गाडीवाले मागे सरले. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर बैलगाडी मिळाली. रात्रभराच्या त्या प्रवासात जवळ शिदोरी असूनही प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे.

या प्रसंगाकडे सहसा अस्पृश्यतेचा दाहक अनुभव म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. त्याला आणखीही एक बाजू आहे. सरकार उपाशी माणसाला काम देत होते आणि ते वाटप करणाऱ्या नोकराच्याच मुलांना समाज पाणी देत नव्हता. खजिन्यातून पैसा निघाला म्हणजे तो शेवटच्या माणसापर्यंत सन्मानाने पोहोचलाच, असे होत नाही. मधल्या वाटेवर जात असते आणि कागद अडवून बसणारा माणूसही असतो. बाबासाहेबांनी पुढे हक्काला कायद्याची आणि यंत्रणेची जोड देण्यावर जो भर दिला, त्याचे बीज अशा अनुभवांत शोधता येते.

सार्वजनिक खजिन्याचा अभ्यासक

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले आणि त्यांच्या पेन्शनचा आधारही संपला. त्याच वर्षी बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तेथे त्यांनी निवडलेला अभ्यासविषय लक्षणीय आहे. एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था हा विषय घेतला. पीएच.डी.चा प्रबंध ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावर होता. तो १९२५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आणि त्याला त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना लाभली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. त्यांना १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी ते बॅरिस्टर झाले होते.

प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथात त्यांनी १८३३ पासून सर्व खजिना मध्यवर्ती सरकारच्या हाती कसा एकवटला, १८७१ साली लॉर्ड मेयोच्या काळात काही खाती आणि ठरावीक रकमा प्रांतांकडे कशा सोपविल्या गेल्या आणि त्यानंतर महसुलाच्या वाटणीचे प्रयोग कसे होत गेले, याचा बारकाईने मागोवा घेतला. जबाबदारी एकाची आणि पैसा दुसऱ्याच्या हाती, अशी स्थिती असली म्हणजे लोकोपयोगी खर्च मागे पडतो, हे त्यात दिसून येते. वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्राने किती भार उचलावा आणि राज्याने किती, हा आजचा वाद त्याच जातकुळीचा आहे. सामाजिक सुरक्षेविषयी बोलणारे बाबासाहेब केवळ कळवळ्याने बोलत नव्हते. खजिन्याचे जमाखर्च वाचण्याची विद्या त्यांनी परदेशी जाऊन कमावली होती.

बाळंतपणाचा भत्ता आणि वतनाचा पाश

१९२७ साली बाबासाहेब मुंबई विधिमंडळात सरकारनियुक्त सदस्य म्हणून आले. पुढच्या वर्षी कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात भत्ता देण्याचे विधेयक तेथे चर्चेला आले. त्यांनी त्याला पाठिंबा दिला. मातेला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे केवळ तिच्या हिताचे नसून साऱ्या देशाच्या हिताचे आहे, तेव्हा या खर्चाचा वाटा सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. तोवर मालकांनी भार सोसावा, हेही त्यांना मान्य होते. १९२९ साली मुंबई प्रांतात हा कायदा झाला. देशातील अशा प्रकारचा तो पहिला कायदा. मध्य प्रांताने १९३० साली त्याचे अनुकरण केले. तेव्हाचा चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता.

याच काळात त्यांनी महार वतनाच्या विरोधात विधेयक आणले. वतन ही वरकरणी सुरक्षेचीच व्यवस्था होती. गावाची कामे करायची आणि त्याबदल्यात जमिनीचा तुकडा व बलुते घ्यायचे, असा तो पिढीजात करार. प्रत्यक्षात बलुते देणे न देणे गावकऱ्यांच्या मर्जीवर होते आणि कामाला मात्र वेळेची मर्यादा नव्हती. पोटापुरते मिळते म्हणून माणूस गावाशी जखडलेला आणि जखडलेला म्हणून त्याला जास्त मागण्याची सोय नाही, असे हे चक्र होते. ज्या आधाराची किंमत स्वातंत्र्याने मोजावी लागते, तो आधार त्यांना नको होता. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर झाला.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. कोकणातील खोतीच्या विरोधात विधेयक, १९३८ च्या जानेवारीतील मुंबईचा शेतकरी मोर्चा आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरचा औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धचा संप ही त्या पक्षाची ठळक कामे. दलितांचा नेता ही ओळख कायम ठेवून कामगारांचा नेता म्हणून ते या काळात पुढे आले.

मजूरमंत्रिपदाची चार वर्षे

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. १९४६ च्या मध्यापर्यंत ते या पदावर होते. महायुद्ध ऐन भरात होते आणि कारखाने रात्रंदिवस चालत होते. इंग्लंडमध्ये डिसेंबर १९४२ मध्ये सर विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि पाळण्यापासून स्मशानापर्यंत नागरिकाची काळजी घेण्याच्या कल्पनेची जगभर चर्चा सुरू झाली. हिंदुस्थानातही काही करावे, असा विचार तेव्हा मजूर खात्यात मूळ धरीत होता.

ऑगस्ट १९४२ मध्ये नवी दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींची त्रिपक्षीय परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. तोपर्यंत मालक आणि कामगार बहुधा संपाच्या वेळीच समोरासमोर येत. आता त्यांना बरोबरीने बसविणारी कायमची व्यवस्था तयार झाली.

मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. आडारकरांनी ऑगस्ट १९४४ मध्ये अहवाल दिला. प्रारंभी कापडगिरण्या, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू या उद्योगांतील बारमाही कारखान्यांपुरती ही योजना होती. तिचे तत्त्व सोपे होते. कामगाराने पगारातून थोडी वर्गणी द्यायची, मालकाने त्याहून अधिक द्यायची आणि या निधीतून आजारपणात उपचार व पगाराचा काही भाग मिळवायचा. वर्गणी दिली असल्याने तो पैसा मागताना कामगाराला मान खाली घालावी लागत नाही. मालकाने नोकरीवरून काढले तरी निधी सरकारी कायद्याखाली सुरक्षित राहतो. याच काळात डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमण्यात आली. तिने विविध उद्योगांतील मजुरी, घरे आणि कामाच्या परिस्थितीची पाहणी केली. आकडेवारीवाचून धोरण आखणे म्हणजे अंधारात चाचपडणे, ही अर्थशास्त्रज्ञ मंत्र्याची दृष्टी त्यामागे होती.

डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबाद परिसरातील कोळसा खाणी पाहण्यासाठी गेले आणि खाणीत खाली उतरले. पुढच्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जानेवारी १९४४ रोजी, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक टन कोळशावर उपकर बसवून त्यातून कामगारांची घरे, पाणी, दवाखाने यांचा खर्च करायचा, अशी ती योजना. बल्लारपूरची खाण तेव्हा सुरू होती आणि हा वटहुकूम तिलाही लागू होता. जो उद्योग माणसाचे शरीर झिजवतो, त्यानेच त्या झिजेची भरपाई केली पाहिजे, हे तत्त्व या उपकराने कायद्यात आणले.

या कारकिर्दीवर टीकाही झाली. युद्धकाळात कोळशाचे उत्पादन घटल्याने खाणीच्या भुयारात स्त्रियांना काम करण्यास असलेली बंदी १९४३ साली उठविण्यात आली. मजूर खात्याचा हा निर्णय स्त्री संघटनांना मान्य नव्हता आणि विधिमंडळात त्यावर बाबासाहेबांना उत्तरे द्यावी लागली. स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी, हे सूत्र त्यांनी पुढे केले. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती भत्त्याच्या कायद्यात १९४३ आणि १९४५ साली दुरुस्त्या झाल्या. बंदी फेब्रुवारी १९४६ पासून पुन्हा लागू झाली. १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे कामाचे तास ४८ झाले.

या सर्वांचे श्रेय एकट्या बाबासाहेबांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. आडारकर, रेगे, कामगार संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे तज्ज्ञ यांचाही त्यात वाटा आहे. कामगार विम्याचे विधेयक नोव्हेंबर १९४६ मध्ये मांडले गेले, तेव्हा मजूर खाते जगजीवन राम यांच्याकडे होते. राज्य कामगार विमा कायदा १९४८ साली संमत झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचे उद्घाटन झाले. कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९४८ चा, तर इतर उद्योगांसाठीचा १९५२ चा. पेरणीच्या वेळी मजूर खात्याची सूत्रे बाबासाहेबांच्या हाती होती, एवढे मात्र निर्विवाद आहे.

राज्यघटनेतील एक वाक्य

कामगार विम्याला एक मोठी मर्यादा होती. ज्याला पगार आहे आणि ज्याचा मालक नोंदलेला आहे, त्याचीच वर्गणी कापता येते. शेतमजूर, कोळी, लाकूडतोड्या, विधवा, अपंग यांची वर्गणी कोण भरणार? १९४७ साली संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी राज्ये आणि अल्पसंख्याक या विषयावर निवेदन तयार केले. त्यात विमा हा सरकारचा एकाधिकार असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा घेणे कायद्याने बंधनकारक असावे, असा प्रस्ताव होता. नागरिकाला सुरक्षा आणि राज्याला विकासासाठी भांडवल, असा दुहेरी लाभ त्यांना त्यात दिसत होता. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ साली, अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या काळात झाले. प्रत्येकाला विमा ही कल्पना मात्र कागदावरच राहिली.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. घटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत कलम ४१ आले. काम मिळण्याचा, शिक्षणाचा आणि बेकारी, वार्धक्य, आजारपण व अपंगत्व अशा प्रसंगी सार्वजनिक सहाय्य मिळण्याचा हक्क राज्याने उपलब्ध करून द्यावा, असा त्याचा आशय. त्याला एक अटही जोडलेली आहे. राज्याची आर्थिक कुवत आणि विकास यांच्या मर्यादेत राहून हे करायचे आहे. शिवाय मार्गदर्शक तत्त्वांसाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. सातव्या अनुसूचीत सामाजिक सुरक्षा, सामाजिक विमा, भविष्य निर्वाह निधी आणि वार्धक्य निवृत्तिवेतन हे विषय केंद्र व राज्य या दोहोंच्या समवर्ती सूचीत आले, तर अपंग आणि काम करण्यास असमर्थ असलेल्यांना सहाय्य देण्याची जबाबदारी राज्य सूचीत गेली.

न्यायालयात बजावता न येणारी ही तत्त्वे म्हणजे पोकळ आश्वासने आहेत, अशी टीका संविधान सभेत झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये बाबासाहेबांनी तिला उत्तर दिले. सत्तेवर कोणीही आले तरी या तत्त्वांकडे त्याला दुर्लक्ष करता येणार नाही. न्यायालयापुढे त्याला जाब द्यावा लागला नाही, तरी निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे तो द्यावाच लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. वर्षभरानंतर घटना स्वीकारली जाण्याच्या आदल्या दिवशी केलेल्या भाषणात त्यांनी राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगती फार काळ टिकू दिली तर लोकशाहीच धोक्यात येईल, असा इशारा दिला.

चांद्याची दीक्षा आणि अखेर

स्वातंत्र्यानंतर कायदामंत्री झालेल्या बाबासाहेबांनी हिंदू संहिता विधेयक रखडल्याने सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यात त्यांना पराभव पत्करावा लागला. १९५२ पासून ते राज्यसभेचे सदस्य होते. मधुमेहाने शरीर पोखरले होते, दृष्टी मंदावली होती आणि पायांच्या वेदनेमुळे आधाराशिवाय चालणे कठीण झाले होते.

अशा अवस्थेत १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते चांद्याला आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने झालेल्या या सोहळ्यात जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या मोठ्या जनसमुदायाला त्यांनी दीक्षा दिली. आज ज्या ठिकाणी डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभे आहे, ती चंद्रपूरची दीक्षाभूमी. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये गोंडपिपरी तालुक्यातूनही लोक तेथे जातात. चांद्याच्या भेटीनंतर दोन महिनेही उलटले नाहीत तोच, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीतील २६, अलीपूर रोड येथील निवासस्थानी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

खर्च वाढला, अंतर राहिले

त्यांच्या पश्चात सामाजिक सुरक्षेचा खर्च दोन वाटांनी वाढत गेला. पहिली वाट पगारदारांची. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९६४ पासून कुटुंब निवृत्तिवेतन मिळू लागले. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा नसून केलेल्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे, असा निर्वाळा दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वांचाही आधार घेतला. खासगी कामगारांसाठी १९९५ साली, तर कोळसा खाण कामगारांसाठी १९९८ साली निवृत्तिवेतन योजना आली. या वाढत्या भारामुळे केंद्राने जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने नोव्हेंबर २००५ पासून नव्या कर्मचाऱ्यांसाठी जुनी पेन्शन बंद करून अंशदायी योजना लागू केली. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातील कर्मचाऱ्यांनी संप केला, तो याच निर्णयाचा पडसाद. राज्य कामगार विमा, भविष्य निर्वाह निधी आदी कायदे एकत्र करणारी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संमत झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली.

दुसरी वाट बिनपगारी माणसांची. १९५७ साली उत्तर प्रदेशाने निराधार वृद्धांना निवृत्तिवेतन सुरू केले. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आणली. केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ पासून वृद्धांना दरमहा ७५ रुपये देण्यास प्रारंभ केला. २००७ साली योजनेचे इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन असे नामकरण झाले, तेव्हा केंद्राचा वाटा २०० रुपये होता. ऐंशी वर्षांखालील वृद्धांसाठी तो त्यानंतर वाढला नाही. उर्वरित भार राज्याने उचलला. महाराष्ट्रात निराधार आणि श्रावणबाळ योजनांची रक्कम २०१९ साली सहाशेवरून एक हजार आणि २०२३ साली दीड हजार रुपये झाली.

दोन्ही वाटांवरील खर्च वाढला हे खरे. पण वाढीची रीत वेगळी आहे. निवृत्त सरकारी कर्मचाऱ्याला महागाईच्या निर्देशांकानुसार वर्षातून दोनदा महागाई भत्त्याची वाढ जाहीर होते. त्यासाठी नियम आहे. निराधार वृद्धेच्या रकमेला असा नियम नाही. तिची रक्कम शासन निर्णय निघेल तेव्हा वाढते आणि निघाला नाही तर वर्षानुवर्षे आहे तेथेच राहते. दीड हजार रुपये म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. त्यासाठीही तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, तहसील कार्यालयातील समितीची मंजुरी, आधारशी जोडलेले बँक खाते आणि दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. गोंडपिपरीच्या आडवळणाच्या गावातील म्हाताऱ्या माणसाला बोटांचे ठसे यंत्राने ओळखले नाहीत, तर पुन्हा एक फेरी आणि बसभाडे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावे, ही अट अनेक वर्षे तशीच राहिली.

सत्ताधाऱ्यांना मतदारांपुढे जाब द्यावा लागेल, हे बाबासाहेबांचे भाकीत एका अर्थाने खरे ठरले. निवडणुका जवळ आल्या की सहाय्याच्या रकमा वाढतात, नव्या योजना येतात, हे अलीकडच्या वर्षांत सर्वच राज्यांत दिसून आले. परंतु घोषणेतून आलेली वाढ आणि नियमातून आलेली वाढ यांत फरक आहे. पहिलीची तारीख सरकार ठरवते, तर दुसरीची वाट माणूस निश्चिंतपणे पाहू शकतो. वर्गणी, निधी आणि कायदा यांची सांगड घालून बाबासाहेबांनी कामगाराला ती निश्चिंतता मिळवून देण्याची सुरुवात केली. वर्गणी भरू न शकणाऱ्यांसाठी त्यांना घटनेत एक वाक्य ठेवता आले, तेही आर्थिक कुवतीच्या अटीसह.

घटना लागू झाली तेव्हाचा देश आणि आजचा देश यांच्या आर्थिक कुवतीत महदंतर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिक १० कोटींहून अधिक होते आणि हा आकडा वाढतच जाणार आहे. त्यातील बहुसंख्यांनी आयुष्यभर काम केले, पण त्यांच्या कामाची नोंद कोणत्याही हजेरीपटावर झाली नाही. तेंदूपानांच्या पुड्यांतून आणि भाताच्या पोत्यांतून त्यांनी दिलेली वर्गणी मोजली गेली नाही, इतकेच. निराधार वृद्धांच्या रकमेला महागाई निर्देशांकाशी जोडणे आणि केंद्राच्या वाट्याची ठरावीक काळाने फेरतपासणी करणे, या दोन गोष्टींनीही कलम ४१ मधील अट आणि हक्क यांतील तोल थोडा हक्काच्या बाजूला झुकेल. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि गावोगावच्या पुतळ्यांपुढे अभिवादन होते. त्याच महिन्यात राज्याचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते आणि त्यात पुरवणी मागण्या मांडल्या जातात. त्या मागण्यांत निराधारांच्या वाट्याला काय आले, हे वाचून पाहणे हेही या महामानवाच्या चरित्राचेच वाचन ठरेल.